माइक टेस्टिंगले वन्स मोर

गाणं आवडलं की लोक 'वन्स मोर' म्हणतात. आमचे बाबा गाणं सुरू व्हायच्या आधीच म्हणायचे. गायक स्टेजवर आला, माइकवर टकटक करून "हॅलो" बोलला, की पहिल्या रांगेतून बाबाचा खणखणीत आवाज यायचा, "वन्स मोर!" गायक चकित, अन् आम्ही दोघं भावंडं खुर्चीखाली.

एकदा भीमजयंतीच्या कार्यक्रमात, आमच्या सेक्टरच्या मैदानात, साउंडवाला पिंटू नुसता माइक तपासून राहिला होता. बाबानं त्यालेही वन्स मोर दिला. त्या बिचाऱ्याले जन्मात कोणी वन्स मोर दिला नव्हता. तो असा खुलला की थांबायचं नावच घेईना. प्रमुख पाहुणे गळ्यात हार घालून ताटकळत उभे, अन् पिंटू आपला "हॅलो, चेक"च्या ताना घेऊन राहिला.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये होते. पण नोकरी म्हणजे त्याहिच्या लेखी दोन कार्यक्रमांमधली सुट्टी. भीमगीतं असोत, गणपतीचा ऑर्केस्ट्रा असो, नाहीतर गाडीवर बेंजो अन् ढोल चढवून वरातीत वाजणारं धुमाल असो, वाजवणारा डोळ्यासमोर पाहिजे. मोबाइलवरच्या गाण्याले ते शिळी पोळी म्हणायचे. स्कूटरवर पुढे मी उभी, मधात राहुलदादा, मागे आई अन् आईच्या मांडीवर वटाण्याची थैली, असे आम्ही निघायचो. बसायचं पहिल्याच रांगेत. आई तिथंच वटाणे सोलायची. कार्यक्रम त्याहिचा असला तरी स्वयंपाक आपलाच हाय, असं तिचं म्हणणं होतं.

एकदा आईनं त्याहिले सांबार आणाले पाठवलं. आमच्याकडे कोथिंबिरीले सांबार म्हणतात. चौकात एक वरात लागली, धुमाल जोरात. बाबा घुसले. हातातली जुडी हालवत, नाचत-नाचत पार गावाच्या दुसऱ्या टोकाले, भिलाई-3 च्या मांडवात पोचले. नवरीकडच्यांनी नवरदेवाचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, समजून त्याहिले हार घातला, पंगतीत मानानं बसवलं. घरी आले तेव्हा तोंडात पान अन् हातात सुकलेली जुडी. आईनं विचारलं, कोणाचं लग्न होतं? बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "नाव त नाही विचारलं. पण बेंजोवाला लय भारी होता."

मले पाहाले पाहुणे आले तेव्हा शिक्षण, नोकरी सारं सोडून बाबानं मुलाले विचारलं, काही वाजवता का? पोरगं घाबरलं. शाळेच्या बँडमध्ये झांज वाजवत होतो म्हणाला. झालं, बाबानं तिथंच वन्स मोर दिला अन् माहं लग्न ठरलं. अजूनही आमचे हे रागावले की भांडी आपटतात. ताल मात्र सुटत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

एकदा मी चिडलेच. म्हटलं, "बाबा, तुम्ही कावून ओरडता? गाणं त होऊ द्या. लोक हासतात आपल्यावर."

बाबा स्कूटर पुसून राहिले होते. फडकं न थांबवता म्हणाले, "गानं झाल्यावर कोनीबी टाळी देते, बाई. माइकसमोर उभं राहिलं का मानसाचं नरडं सुकते. तवाच त कोनीतरी आपलं लागते."

तेव्हा वाटलं, बाबाचं आपलं काहीतरीच. बाबा वारल्यावर आईनं सांगितलं. भंडाऱ्याकडून नवीनच भिलाईले आले होते तेव्हा, ओळखीचं कुत्रंही नव्हतं इथं. जयंतीले मोठ्या हौसेनं गायले उभे राहिले. "हॅलो" म्हणाले, आवाज फाटला, समोरचे खो-खो हासले. बाबा तसेच खाली उतरले. पुन्हा कधी माइक धरला नाही. घरीसुद्धा गायचे ते मोरीतला नळ सुरू करूनच. अन् आम्ही समजायचो, बाबाले आंघोळीले लय पाणी लागते.

बाबाले जाऊन वर्ष झालं तेव्हा बुद्धविहारात स्मृतिदिन ठेवला. गावातले सारे वाजवणारे आले होते, पण वाजवाले नाही, बसाले. पिंटू आला, केस पांढरे झालेले. तो वरातीतला बेंजोवाला आला. सारे पहिल्या रांगेत हात जोडून बसले. वंदना झाली अन् आईनं माह्याकडे पाहिलं. बाबाचं आवडतं भीमगीत तूच म्हण, म्हणाली. माहा आवाज म्हणजे कुकरची शिटी. मी नाही-नाही म्हटलं.

आई हळूच म्हणाली, "त्याहिचं राहून गेलं व, पोरी."

उठले. माइक धरला. नरडं कोरडं ठाक. बाबाची अशी आठवण आली, की वाटलं पळून जावं. कसंबसं तोंडातून निघालं, "हॅलो..." अन् आवाज फाटला.

पिंटू उठून उभा राहिला.

"वन्स मोर!"

मग बेंजोवाला उठला, मग सारी रांगच. मी रडता-रडता हासले, पदरानं नाक पुसलं, अन् फर्माईश होती म्हणून परत एकदा म्हटलं, "हॅलो."

गाणं बेसूरच झालं. पण आमच्या घरातलं एक गाणं माइकवर पूर्ण झालं.