बहुगुणी कण आणि रावसाहेब

घरात एकाच बाईने सगळी कामे केली तर त्याला कुणी काही म्हणत नाही. प्रयोगशाळेत एकाच कणाने केली तर त्याला बहुउद्देशीय नॅनोपदार्थ म्हणतात, आणि निधी मंजूर होतो.

कर्करोगावरचा संस्थेचा कण डोळ्यांना दिसत नसे, पण त्याच्या जिवावर जगणारा परिवार चांगलाच दिसे. कण गाठीपर्यंत औषध नेणार, हे औषध विभागाचे. तिथे तापून गाठ भाजणार, हे उष्णता विभागाचे. उजेड पडताच गाठीत विष सोडणार, हे प्रकाश विभागाचे. शिवाय आपण नेमके कुठे आहोत, हे चमकून सांगणार (संस्थेतल्या एकाही कर्मचाऱ्याला हे आजवर जमलेले नाही).

कण बनवणारी संशोधिका उंदरांना सुई स्वतःच टोचत असे. त्यांतल्या एका ऐटबाज उंदराचे नाव तिने रावसाहेब ठेवले होते. रावसाहेबांची हरभऱ्याएवढी गाठ एके दिवशी दिसेनाशी झाली आणि संस्थेत आनंदीआनंद झाला.

उष्णता विभागाने सत्तर टक्के श्रेय मागितले, प्रकाश विभागाने साठ, औषध विभागाने फक्त पन्नास (ती मंडळी स्वभावाने मवाळ). एकशे ऐंशी टक्के बरे झालेले रावसाहेब हे पहिलेच रुग्ण. हा वाद मिटवायचा नियमात एकच मार्ग होता: त्यांना कापून पाहणे. ते पुरते बरे झाले, हे सिद्ध व्हायला त्यांनी मरणे आवश्यक होते.

खरे काय ते संशोधिकेला ठाऊक होते. खरे बोलावे तर कण जातो, गप्प बसावे तर रावसाहेब. तिने घरी आत्याला विचारले.

"अगं, त्या मुक्या जिवाला काय कळतेय तुमची टक्केवारी? तुला देवानं तोंड दिलंय ना? मग बोल की!" आत्या म्हणाली.

सभेत ती उभी राहिली. "सर, रावसाहेबांना कण दिलाच नव्हता. तुलनेसाठी काही उंदीर वेगळे ठेवतो ना, त्यांतले ते. त्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलंय."



"आणि कण दिलेले उंदीर?" संचालकांनी विचारले.

"त्यांच्या गाठी छान चमकतायत, सर."

संचालक मुरलेले गृहस्थ. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे पाण्यात दम आहे!" त्याच सभेत लवणजल विभाग स्थापन झाला, ती त्याची प्रमुख झाली आणि रावसाहेब विभागाची मालमत्ता ठरले. मालमत्तेला सुरी लावता येत नाही, त्यामुळे संशोधिकेचा जीव भांड्यात पडला. 'एखादी गाठ आपोआपही विरते,' असे तिने सांगून पाहिले; पण संस्थेत 'आपोआप' नावाचा विभाग नसल्याने त्याची नोंद झाली नाही.

संध्याकाळी आत्याने सगळे ऐकले, तिची पाठ थोपटली आणि हळूच विचारले, "मीठ जाडं घ्यायचं, की बारीक?"

आत्याला हसायला हरकत नाही. मात्र मघाशी मिठाच्या पाण्याचे नाव निघताच ज्यांच्या मनात 'पेल्याला किती चमचे?' असे येऊन गेले, त्यांनी निमूटपणे तिच्या मागे उभे राहावे. रांग लांब आहे. ढकलाढकली करू नये.