देणगीदारांच्या मापाची सायकल

एका जंगलात साप पुष्कळ होते आणि देणगीदार त्याहून पुष्कळ. सापाचं विष उतरवणं मात्र एकट्या मुंगसाला येई. त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत.

मुलांनो, मुंगसाचे पाय केवढे असतात? एवढेसे. कुणाला साप चावला की वैद्यबुवा पळत सुटत. पण जंगल मोठं. ते पोचेपर्यंत बऱ्याचदा रडारड सुरू झालेली असे. उन्हाळ्यात सशिणीची दोन पिल्लं अशीच गेली.

मग वैद्यबुवा सुतारपक्ष्याकडे गेले. हे सुतारतात्या ज्याच्या त्याच्या मापाच्या सायकली बनवत.

तात्यांनी बुवांना उभं केलं. मांडीपासून टाचेपर्यंत दोरी लावली. हात मोजले. पाठ किती वाकते ते पाहिलं.

"बुवा, तुम्हाला फ्रेम बुटकी हवी. सीट लहान, हँडल अरुंद, पेडलचे दांडे आखूड. मग बघा कसे सुसाट जाल ते."

ही बातमी सभेपर्यंत गेली आणि तिथेच घात झाला. अध्यक्ष हत्तीअण्णा उभे राहिले.

"वैद्यबुवांनी स्वतः सायकल घ्यायची? मग आम्ही मेलो का? सायकल आपण भेट देऊ!"

टाळ्या पडल्या. अण्णांनी सीट द्यायची, अस्वलरावांनी हँडल, नीलगायबाईंनी फ्रेम. प्रत्येक भागावर देणाऱ्याचं नाव येणार, हे न बोलताच ठरलं.

तात्यांनी बुटकी फ्रेम पुढे ठेवली. नीलगायबाईंनी नाक मुरडलं.

"यावर माझं नाव कसं मावेल? 'माजी उपाध्यक्षा श्रीमती नीलगायबाई यांजकडून सप्रेम भेट.' हे तर 'माजी'पाशीच संपतंय!"

"पण बाई, चालवणार वैद्यबुवा."

"चालवू दे ना. नाव कुणाचं आहे?"

अस्वलरावांना हँडलवर आईवडील दोघांची नावं हवी होती. अण्णांना अकरा बिरुदं होती, ती सगळी सीटच्या कडेवर ओळीने यायला हवी होती. तात्यांनी झाडावर डोकं आपटून घेतलं. पण ते पडले सुतारपक्षी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

समारंभ झाला. वैद्यबुवांना फांदीवरून सीटवर उतरवलं. त्यांचे पाय हवेत लोंबकळत राहिले. हात हँडलच्या टोकांना पोचेनात. "काय शोभता हो!" सगळे म्हणाले. आणि हे मूर्ख वैद्यबुवा हात जोडून हसले.

घरी गेल्यावर मात्र त्यांनी शक्कल लढवली. फ्रेमच्या मधून पाय घालून ते कैची मारू लागले, लहान मुलं मोठ्यांची सायकल चालवतात तशी. एका महिन्यात तीन जीव वाचले.

एकदा अण्णांनी ते पाहिलं.

"आमची सीट रिकामी? लोक काय म्हणतील, अण्णांची सीट बसायच्या लायकीची नाही?"

लगेच ठराव झाला. वैद्यबुवांनी सीटवर बसूनच सायकल चालवावी. जमत नसेल तर हाताने ढकलत न्यावी. सायकलीशिवाय कुठे गेल्यास तो दात्यांचा अपमान समजला जाईल. मांडणाऱ्या नीलगायबाई, अनुमोदन अस्वलरावांचं. कैचीमुळे वाचलेले तिघंही सभेला होते. तिघांनीही हात वर केले.

आठ दिवसांनी नीलगायबाईंच्याच पाडसाला नाग चावला. निरोप आला. वैद्यबुवा निघाले, सायकल ढकलत.

तात्या वरून उडत ओरडले, "बुवा, टाका ती आणि पळा! नाहीतर कैची तरी मारा!"

"ठराव त्याच बाईंचा आहे, तात्या. त्यांच्याच दारात कैची मारत जाऊ?"

"अहो, पोर मरेल त्यांचं!"

"तुमचं काय जातंय? नोटीस मला येईल."

आणि ते चढावर ती अवजड सायकल रेटत राहिले.

पोचले तेव्हा पाडस थंड पडलं होतं. नीलगायबाई त्याला चाटत होत्या. उठावं म्हणून नाकाने ढोसत होत्या. मुलांनो, तेव्हा त्या नुसती आई होत्या. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू?

ती दया तेराव्यापर्यंत टिकली. तेराव्याला बाई तात्यांच्या दुकानात आल्या. डोळे सुजलेले होते.

"सायकलला घंटा नाहीये. बाळाच्या स्मरणार्थ द्यायची म्हणते. मोठी घाला. त्याचंही नाव आलं पाहिजे आणि खाली माझंही."

"बाई, सायकल आणखी जड होईल. आणखी उशीर होईल."

"होऊ दे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण येताना ऐकू तर येईल."

तात्पर्य: देणगी देताना घेणाऱ्याचं माप काढत बसू नये, आधी आपलं नाव मोजावं. पोरं काय, पुन्हा होतात. फ्रेमवरची जागा एकदाच मिळते.