चाचणीचा नंबर

"आपले चार लाल पायजमे तयार आहेत," असा निरोप एका निवृत्त न्यायाधीशांच्या फोनवर गेला. पायजमे दुसऱ्याच कुणाचे होते. निरोप न्यायाधीशांच्या पत्नीनं आधी वाचला.

कंपनी लाँड्रीवाल्यांसाठी अ‍ॅप बनवायची. अ‍ॅपमध्ये शिरणारा माणूस खरंच तोच आहे का, हे बघणारा भाग एका तरुणानं लिहिला होता. म्हणून हिशेब बघणारे काका त्याला 'दरवान' म्हणत, आणि आता सगळेच म्हणत.

"पुरे झालं हे घरगुती कुलूप, कुणालाही न्यायाधीश समजून आत घेतं," कंपनी चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "लॉगिन सांभाळणाऱ्या तयार सेवा मिळतात बाहेर. मी तीन निवडल्यात. संध्याकाळपर्यंत तिन्ही वापरून बघ आणि कुठली घ्यायची ते सांग. सोमवारी मला न्यायाधीशांना तोंड दाखवायचंय."

"पहिली स्वस्त, दुसरी महाग, तिसरी स्वतःला हुशार समजते," काकांनी पलीकडच्या टेबलावरून माहिती पुरवली. "लग्नाला मुलगी बघावी तसं आहे बघ, दरवाना. तुझा त्यातला अनुभव दांडगाच."

दरवानानं मान खाली घालून संगणक उघडला. बोलायच्या वेळी न बोलणं ही त्याची जुनी खासियत होती.

चाचणीसाठी त्याच्याकडे एक बटण होतं. ते दाबलं की एक खोटा ग्राहक दारावर जाऊन उभा राहायचा, मोबाइल नंबर द्यायचा आणि आत यायला कोड मागायचा. हा ग्राहक भिंगानं बनवला होता. भिंग म्हणजे त्यांची टेस्टर. इतरांच्या कामातली चूक तिला भिंगाखाली धरल्यासारखी दिसायची. ऑफिसची रीत अशी, की चाचणी जो करतो त्याचाच नंबर घालायचा. तिनं तिचा घातला. गेल्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत गेली, नंबर मात्र राहिला.

तिच्या शेवटच्या दिवशी ती बॅग घेऊन त्याच्या टेबलापाशी बराच वेळ उभी होती. तेव्हा दरवान तिला म्हणाला होता, "फाइली सगळ्या पाठवल्यास ना?"

तेव्हापासून तो नंबर बदलायचं दर आठवड्याला ठरवायचा आणि दर आठवड्याला काहीतरी तातडीचं निघायचं. रोज सकाळी आल्या आल्या बटण दाबायचं, तिचा नंबर पडद्यावरून सरकताना बघायचा, मग चहा. निरोप काही तिला जात नव्हता. चाचणीचा कोड फक्त पडद्यावर उमटायचा. त्याची खात्री होती, कारण तो भाग त्यानंच लिहिला होता. लाल पायजम्यांचाही त्यानंच लिहिला होता.

त्यानं तिन्ही सेवांना ते बटण जोडलं आणि दाबलं.

तिन्ही पडद्यांवर एकच मजकूर आला: कोड पाठवला आहे. कोड मात्र कुठेच दिसेना. या सेवा खऱ्या होत्या, त्या खरोखरच पाठवत होत्या.

म्हणजे तिन्ही कोड भिंगाच्या फोनवर गेले होते. घाईघाईनं तो नंबर बदलायला गेला. पहिली सेवा म्हणाली, जुन्या नंबरावर आलेला कोड टाका, मग बदला. त्यानं अंदाजानं काही आकडे टाकून पाहिले. पहिलीनं दार बंद केलं. दुसरी महाग असल्यामुळे जास्त सेवाभावी होती. संदेश वाचला जात नाही असं समजून तिनं त्या नंबरावर आपणहून फोन लावला आणि कोड मोठ्यानं वाचून दाखवला. तिसरीनं तिकडे विचारलं, 'कुणीतरी आत यायचा प्रयत्न करत आहे. आपण या व्यक्तीला ओळखता का?'

थोड्या वेळानं तिसरीच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'त्यांनी आपल्याला ओळखत नसल्याचे कळवले आहे.'

दरवान त्या वाक्याकडे बघत बसला. तुलनेच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात घालायचं ते त्याला कळेना.

"झालं का रे?" मॅडमनी केबिनमधून विचारलं.

"एका व्यक्तीच्या परवानगीवर अडलंय, मॅडम."

"मग फोन कर की त्या व्यक्तीला!"

वर्षभर जे करायचा धीर झाला नव्हता ते आता ऑफिसचं काम झालं. तो जिन्यात गेला.

"हॅलो, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण? कुणीतरी सकाळपासून माझ्या नावानं दारं ठोठावतंय. ओळख पटवा आधी."

"अगं, मी..."

"चहाच्या मशीनचं कुठलं बटण चालत नाही?"

"साखर कमी."

"मी जाताना काय विसरले?"

"पिवळा मग."

"कुठाय तो?"

"माझ्या टेबलावर. पेनं ठेवलीत त्यात." जरा थांबून तो म्हणाला, "धुतो मी. अधूनमधून."

त्यानं तीन सेवांच्या तुलनेचा घोळ एका दमात सांगितला. मग तिनं कोड वाचून दाखवला. त्याची मुदत संपली होती. त्यानं पुन्हा मागवला, तिनं पुन्हा वाचला.

"तिसरीला तू 'ओळखत नाही' म्हणालीस," तो म्हणाला.

"दोनच बटणं होती. 'ओळखते, पण बोलत नाही' असं तिसरं नव्हतं. लिही तुझ्या तक्त्यात, त्रुटी म्हणून."

"सॉरी. आजच तुला एवढे निरोप गेले. जुन्या लॉगिननं कधी त्रास नाही दिला."

"कोण म्हणालं? रोज येतो."

"काय?"

"कोड. तू ऑफिसात आलास की एक. रविवारी नाही. मागच्या महिन्यात मध्येच आठवडाभर आला नाही, तेव्हा वाटलं, पडलास की काय आजारी."

"ताप होता." दरवानानं कठडा धरला. "म्हणजे वर्षभर... ही तर केवढी मोठी चूक! सांगितलं का नाहीस? स्वल्पविराम चुकला तरी तू तक्रार लिहायचीस."

"हो," भिंग म्हणाली. "ही एक नाही लिहिली."

जिन्यात खालून कुणीतरी वर येत होतं. दरवानाला बरंच काही म्हणायचं होतं.

"फाइली," तो म्हणाला, "मला फाइलींचं नव्हतं विचारायचं तेव्हा."

"माहितीये. बंद पडलेलं बटण मला न दाबताही कळतं. जा आता, तिसरीचा निरोप परत पाठव."

तो टेबलाशी आला आणि पाठवला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'त्यांनी आपल्याला ओळखत असल्याचे कळवले आहे.'

"तिसरी घेऊया," तो मॅडमना म्हणाला.

"महाग नाही ना? कारण काय लिहू?"

"आत घेण्याआधी विचारते तरी."

काका चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले. मॅडमनी मान डोलावली. "आणि तो चाचणीचा नंबर? बाहेरच्या माणसाचा आहे म्हणे. बदललास ना?"

"आता लगेच नको, मॅडम," दरवान म्हणाला. त्याच्या हातातल्या फोनवर नुकताच एक निरोप आला होता. त्यात कोड नव्हता. 'उद्या रविवार आहे. तरी सकाळी एकदा चालवून बघ.'