पाणी कुठं मुरतंय?

"तुम्ही झाडांना रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी सोडता ना हो?"

खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी जिन्यात इतकंच विचारलं आणि नाकेदारांच्या मनात पाल चुकचुकली. "आमचं काही ठरलेलं नसतं," असं पुटपुटत ते दोन-दोन पायऱ्या चढून गच्चीवर पळाले.

नाकेदारांची सगळी नोकरी जकात नाक्यावर लोकांच्या गोण्या उपसण्यात गेलेली. घड्याळजी घरातच घड्याळं दुरुस्त करणारे, मितभाषी गृहस्थ. आणि गच्चीवरची शेती काकूंची, म्हणजे नाकेदारांच्या बायकोची. हौसेची नव्हे, धंद्याची. कोबी आणि मोहरी पसरट ट्रेमध्ये दाट पेरायची, बोटभर अंकुर आले की कापून, डब्यांत भरून हॉटेलात पोचवायचे. दर सोमवारी आठ ट्रे पेरले की पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आठ तयार. कुठल्याच शुक्रवारी रिकामं बसायचं नाही, असं काकूंचं गणित. चार शुक्रवार माल पसंत पडला तर हॉटेलची मुख्य शेफबाई वर्षभराचं काम देणार होती. तीन शुक्रवार पार पडले होते.

"अगं, त्याला मिनिटासकट वेळ माहीत आहे! पाळत ठेवतोय तो. इथं नक्की कुठंतरी पाणी मुरतंय."

"घड्याळवाला माणूस. मिनिटं नाही मोजणार तर काय मोजेल? तो नळ नीट बंद करा आधी."

नाकेदारांनी नळ अर्धवट बंद केला, कारण तेवढ्यात त्यांना दुसरा पुरावा आठवला. मंगळवारी घड्याळजींनी विचारलं होतं, "पाण्यात खत घालता का हो काही? जरा रंग येतो." रंग यांना दिसला कसा? गच्चीला कुलूप असतं!

गुरुवारी संध्याकाळी नाकेदारांनी आपल्या बुद्धीवर खूश होत सगळ्या ट्रेंवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. कोबीवर मोहरी, मोहरीवर कोबी. दोन्हींचे अंकुर जुळ्या भावंडांसारखे. चोरून बघणारा बसेल डोकं खाजवत. काकूंना सांगायचं त्यांनी सकाळवर ठेवलं, भिंतींनाही कान असतात म्हणून.

पण सकाळी दूध घ्यायला उतरले, तर घड्याळजी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसले. नाकेदार विजेच्या खांबांआडून त्यांच्या मागे. घड्याळजी प्लास्टिकच्या दुकानात शिरले आणि तीन पसरट टोपल्या घेतल्या. पसरट! मग खाली बुड तपासलं आणि म्हणाले, "भोकं नकोत हं. पाणी साठलं पाहिजे."

 नाकेदार दूध न घेताच घरी पळाले.

"अगं, त्याने ट्रे घेतले! आपल्याच पोटावर पाय! बरं झालं मी चिठ्ठ्या बदलून ठेवल्या."

काकूंच्या हातातला चहाचा कप खाली आला. "कसल्या चिठ्ठ्या?"

"कोबीच्या मोहरीवर आणि…"

"अहो, मी सगळा माल कापून पाठवलासुद्धा! कोबीचे सहा डबे मागितले होते त्यांनी!"

फोन करायची गरज पडली नाही. हॉटेलातूनच आला. शेफबाई म्हणाली, "सौम्य कोबी सांगितला होता ना? पाहुण्यांच्या नाकातून धूर निघतोय. एकजण आजींच्या आठवणीने रडतोय असं शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं. दुपारी मी स्वतः येतेय, तुमची गच्ची बघायला."

दुपारी ती आली ती तावातावानेच. नाकेदार तिला घेऊन जिना चढत होते. घड्याळजींचं दार उघडं होतं. शेफबाई दारातच थबकली. नाकेदारांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि विजयाने ओरडले, "पाहिलंत? सापडला!"

खोलीत तीन टोपल्या होत्या खऱ्या. वरून छताचं पाणी त्यांत टपटप पडत होतं. दुरुस्तीच्या टेबलावर घड्याळजींनी छत्री बांधली होती.

"यात काय मुरतंय ते सांगा!" नाकेदार गरजले.

"पाणीच मुरतंय की. आमच्या छतात," घड्याळजी शांतपणे म्हणाले. "तुम्ही सहा-दहाला सोडता, सहा-बावीसला पहिला थेंब पडतो, तो दुपार उलटेपर्यंत थांबत नाही. सांगायला आलो की तुम्ही पळता."

नाकेदारांचा चेहरा पडला. शेफबाईचं मात्र दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती खिडकीपाशी गेली होती. छतातून गळणारं ते खताचं पाणी घड्याळजींची बायको वाया न घालवता इतके दिवस भांड्यांत धरून खिडकीतल्या कुंड्यांना घालत आली होती, आणि तिथे तळहाताएवढ्या पानांचा पुदिना गजांतून बाहेर उसळत होता. शेफबाईने एक पान चुरगळून हुंगलं, चावलं, डोळे मिटले.

"हा दर शुक्रवारी मिळेल?"

घड्याळजींची बायको गोंधळली. "मिळेल की. आम्ही जिन्यातल्या लोकांना फुकट वाटतो."

"आता नका वाटू."

मग ती गच्चीवर गेली. काकूंनी पुढच्या शुक्रवारच्या प्रत्येक ट्रेमधला कोवळा अंकुर तिला चाखायला दिला, चूक कबूल केली, कोणाची ते मात्र सांगितलं नाही. अंकुरांना तिने आणखी एक शुक्रवार दिला. पुदिन्याला वर्ष.

संध्याकाळी नाकेदार खाली गेले. नोकरीच्या पस्तीस वर्षांत त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला.

"चुकलंच माझं. उद्याच गवंडी बोलावतो. गळती कायमची बंद."

घड्याळजी खुर्चीतून ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"खबरदार! गवंडी बोलावलात तर धंदा बसेल आमचा!" मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "आणि आज तुम्ही चार मिनिटं उशिरा सोडलंत. असं चालायचं नाही."