रंगनाथमामांचा आरडाओरडा

आमच्या सिडकोच्या गल्लीत दुधाला स्कूटरवर जाता येत नाही. रंगनाथमामा आडवे येतात, बोलता बोलता किल्ली काढून खिशात टाकतात आणि म्हणतात, "पायांनी जा. बसून बसून भेज्याला जंग चढंल."

मामा मूळचे पिशोरचे. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. तिथल्या ठोकाठोकीवर आवाज चढवायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. सकाळी बनियनवर मफलर गुंडाळून ते गल्लीत येरझाऱ्या घालतात आणि दिसेल त्याच्यावर डाफरतात. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, झोप लागत नाही. मामा गरजले, "दिवसभर सोफ्यावर बसता. अंग थकलं नाय तर झोप कामून येईल?" वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना माणसांची नावं आठवेनात, तर मामांनी त्यांना हाताला धरून मैदानावर नेलं. "चाललं की डोक्याला रगत पोचतं, मास्तर. हे तुम्ही आम्हाला शिकवायचं का आम्ही तुम्हाला?" मास्तर घाबरून रोज चालू लागले. बाकीच्यांची नावं आठवतात की नाही ठाऊक नाही, मामांचं मात्र ते विसरत नाहीत.

गेल्या महिन्यात माझंही डोकं फिरलं. घरात पाहुणे, चहाला दूध नाही, आणि मामांनी किल्ली घेतली. वर बायकोदेखत, "पोट बघ तुझं." दूध मी पायीच आणलं आणि तसाच तणतणत त्यांच्या घरी गेलो. आज सगळं ऐकवायचंच होतं.

दार उघडं होतं. आत खाटेवर त्यांचा मुलगा सुनील भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो पुण्याची नोकरी सोडून आलाय, एवढंच गल्लीला माहीत होतं. मामा त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते आणि त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"सुनील, फाटकापर्यंत येतो का बाळा? जरासं." सुनीलनं पांघरूण डोक्यावर ओढलं. "नाय? बरं. ऱ्हाऊ दे. उद्या पाहू."

मला पाहून ते बाहेर आले आणि दार हळूच लोटलं.

"डॉक्टर म्हणले, गोळ्या चालू ठेवा, अन् जमंल तसं त्याला चालवा. चाललं की मन जरा उभारी धरतं. पण पोरावर आवाज चढवायचा नाय." मफलरनं तोंड पुसत ते म्हणाले, "लई राग येतो रे, विलास. त्याचा नाय, त्याच्या दुखण्याचा. मग ओरडू कुणावर?"

परवा सकाळी सुनील फाटकाबाहेर आला. दाढी वाढलेली, पायात बापाच्या चपला. मामा त्याच्याकडे बघेनात. मी समोरून येत होतो, त्यांनी मलाच धरलं.

"बघतो काय? चाल की. अन् हळू चाल, कुठं गाडी सुटायलीय तुझी?"

आम्ही तिघं कोपऱ्यापर्यंत गेलो. मामा सारखे मला झापत होते, आणि त्यांचा एक हात मागे सुनीलच्या पाठीजवळ होता, न टेकवता, नुसता धरलेला.