भुसभुशीत मातीचा सत्कार

शेतकी खात्याचा इंजिनियर फाजार्दो याने एर्मिंदाबाईच्या शेतात लोखंडी सळई टेकवली आणि ती नुसत्या हाताच्या भाराने कोपरापर्यंत आत गेली. एर्मिंदाचं नशीब फिरलं ते तिथेच.

"बाई, बोयाकाच्या अख्ख्या डोंगरात अशी माती नाही! हिचा सत्कार झालाच पाहिजे."

"करा की. पण कुंपणाबाहेरून," एर्मिंदा म्हणाली. "सोमवारी मला गाजर पेरायचंय."

अकरा वर्षं शेण आणि पालापाचोळा घालून तिने ती माती कमावली होती. तिचं गाजर सरळसोट वाढे. शेजारच्या अब्दोनच्या खडकाळ जमिनीत गाजरांना दोन-दोन तंगड्या फुटत, तरी तो दुकानात बसून सांगे, "माझी माती एर्मिंदाच्या मातीपेक्षा मऊ आहे."

शनिवारी पाऊस झाला. रविवारी चर्चमधून सगळं गाव नगराध्यक्षांना पुढे घालून बँडसकट आलं. एर्मिंदाच्या शेताचं फाटक उघडलं ते अब्दोननेच.

"या, या! आत फोटो चांगला येईल!"

"अहो, वाफसा आलेला नाही!" एर्मिंदा आडवी आली. "ओल्या मातीत पाय देऊ नका, दगड होईल तिचा!"

"पाचच मिनिटं, बाई," नगराध्यक्ष म्हणाले.

त्या पाच मिनिटांत व्यासपीठाचा ट्रक आत आला, चुकला, तीनदा वळला. नगराध्यक्ष तासभर बोलले. "मातीला श्वास घेऊ द्या!" असं ते कळवळून म्हणाले, तेव्हा लोक भारावले. थंडीमुळे सगळ्यांचे हात रुआनाच्या, म्हणजे अंगावरच्या लोकरी घोंगडीच्या आत, आणि हातांत ग्वारापोचे, उसाच्या दारूचे पेले. टाळ्या वाजवणार कशा? म्हणून दोनशे माणसांनी पाय आपटून दाद दिली. मग बँड वाजला, आणि बँड वाजल्यावर नाचायचं नाही असं त्या गावात कधी घडलेलं नाही.

शेवटी नगराध्यक्षांनी फोटोसाठी सळई हातात घेतली आणि मातीत खुपसली. ती जाईना. त्यांनी पोट टेकवलं. मोठा ढोल वाजवणाराही मदतीला आला. सळई वाकली, पण बोटभरही आत गेली नाही.

"कुणाचं शेत निवडलंत हो तुम्ही?" नगराध्यक्ष दातओठ खात कुजबुजले.

फाजार्दोने पापणीही न लववता वही काढली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "माती कडक. मालकीण निष्काळजी. मशागतीच्या प्रशिक्षणाला पाठवावी."

एर्मिंदाला रडू फुटलं. अकरा वर्षं एका सकाळीत तुडवली गेली होती, आणि वर शिकायला तिनेच जायचं! ती वाकडी सळई इंजिनियरच्या टाळक्यात घालावी असं तिला मनापासून वाटलं. अब्दोन मात्र पेला तोंडाला लावून मिशीत हसत होता.

"आता ही सत्कारासाठी आणलेली ढाल द्यायची कुणाला?" नगराध्यक्ष वैतागले.

एर्मिंदाने शालीच्या टोकाने डोळे पुसले. "अब्दोनला द्या ना. त्याची माती माझ्या मातीपेक्षा मऊ आहे. दहा वर्षं सांगतोय बिचारा."

अब्दोनला ठसका लागला. बँड त्याच्या शेताकडे वळला, मागून ट्रक. तो धावत पुढे गेला आणि आपल्या फाटकाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा राहिला.

"नको हो! माझी जमीन म्हणजे नुसता खडक! गाजरं बघा माझी! एर्मिंदा, तू तरी सांग यांना!"

"छे, उगाच लाजतोय," एर्मिंदा म्हणाली. "लोणी आहे, लोणी. या सगळे, आत या. फोटो चांगला येईल."

आणि फाटकाची कडी तिनेच काढली.