जुळ्या खडकांच्या बांधाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. गोड्या पाण्यास वंदन, खाऱ्या पाण्यास वंदन, आणि दोहोंचे मध्ये वसणाऱ्या रयतेस वंदन करोन लिहिण्यास आरंभ केला. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सर. एका राज्यात डोंगरांच्या दोन रांगांमध्ये लांबरुंद खोरे होते, आणि त्यात गहू, कापूस, हळद, कांदा ऐसा पिके की कोठारे अपुरी पडत, आणि खोऱ्याचे मधोमध, समुद्रापासून दोन दिवसांचे वाटेवर आत, एक शहर होते. राज्य बाईसाहेब चालवीत. माल बैलांवर लादून समुद्राकाठी न्यावा तो वाटेतच निम्मा नासे, आणि नदी उथळ म्हणोन गलबत वर चढत नसे. तेव्हा बाईसाहेबांचे मनी आले की माल समुद्राकडे नेण्यापरीस समुद्रच शहरी आणावा. मग त्यांनी उमाजी दरणे यांस हुकूम केला, आणि उमाजींनी कित्येक उन्हाळे खपून नदीचा तळ समुद्रापावेतो खणविला, आणि गलबते भरतीबरोबर थेट शहराचे धक्क्यास लागू लागली.

मग शहराची रीत पालटली. बाजार वारावर भरे तो भरतीवर भरू लागला, आणि ज्या कुणब्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता तो सांजेच्या भरतीस येतो ऐसा वायदा करू लागला, आणि कच्छी, मलबारी, अरब खलाशी धक्क्यावर बसोन ताक पिऊ लागले, आणि गलबतांच्या जुन्या साखळ्या गोठ्यांत बैल बांधण्यास आल्या. गलबताचा शंख वाजला म्हणजे गुरे बुजत, ती पुढे बुजेनाशी जाहली. बाईसाहेब संतोष पावल्या आणि उमाजींस बंदराची सुभेदारी दिली.

उमाजींची धाकटी बहीण भिवाबाई नदीच्या खालच्या अंगास निंबसरे गावी दिली होती. पती वारल्यावर शेत तीच करीत असे, आणि तिची हळद बाजारात नावाने मागत. पुढे एके उन्हाळ्यात निंबसऱ्याच्या विहिरी मचूळ जाहल्या, आणि हळदीची पाने कडेने करपली, आणि गुरे पाण्यास तोंड लावीनात. गावकरी सुभेदाराकडे आले, तो उमाजी म्हणाले की पाऊस थोडा जाहला, विहिरी आटल्या, येत्या वर्षी नीट होईल. येते वर्षी पाऊस बरा जाहला, आणि उन्हाळ्यात पुन्हा तसेच जाहले, आणि वरच्या दोन गावीही जाहले. मग भाऊबीजेस भिवाबाई शहरी आली, आणि भावास ओवाळले, आणि उमाजींनी लुगडे पुढे केले ते घेईना. म्हणाली, "दादा, लुगडे नको. माझ्या शेतात एकदा चालून ये, तीच माझी ओवाळणी."

मग उमाजी तिजबरोबर गेले, आणि शेतात उतरले, तो ढेकळांवर पांढरा थर आला होता. त्यांनी चिमूटभर माती जिभेस लावली, ती खारट लागली. उन्हाळ्यात नदी रोडावते, आणि आपण खणलेल्या वाटेने गलबतांमागे समुद्रही वर येतो, हे त्यांस तेथे उमगले. आजवर लोक सांगत होते आणि आपण ऐकत नव्हतो, ऐसे वाटून त्यांस बहिणीकडे पाहवेना.

तेथून उमाजी थेट हुजूर आले आणि सर्व वर्तमान सांगितले. मग दरबारी मसलत बसली. सावकार म्हणाले, वाट बुजविली तर शहर बुडेल. पाटील म्हणाले, वाट राहिली तर खोरे बुडेल, मग गलबतांत भरणार काय. दोन्हीकडून शब्द चढले, तेव्हा बाईसाहेबांनी उमाजींस विचारले. उमाजींनी अर्ज केला जे, नदीत पाणी आहे तोवर वाट खुली असावी, आणि उन्हाळा लागताच मातीचा बांध घालून समुद्र अडवावा, आणि पूर आला म्हणजे बांध फोडावा. त्या महिन्यांत गलबतांनी बांधाबाहेर थांबावे आणि माल गाड्यांनी न्यावा. बाईसाहेबांनी पुसले की बांध बसेल कोठे. उमाजी म्हणाले, निंबसऱ्याचे वर नदीत जुळे खडक आहेत, त्यांमध्येच बसेल, तेथून खाली समुद्रापावेतो तळ चिखलाचा आहे.

"बांधाबाहेर काय राहते?"

"एक गाव राहते, बाईसाहेब. निंबसरे. माझ्या बहिणीचे सासर."

मग बाईसाहेबांनी बांधाचा हुकूम केला, आणि निंबसऱ्याच्या लोकांस वरच्या अंगास सरकारी जमीन नेमून दिली.

उमाजींनी जासूद न पाठविता आपण जाऊन बहिणीस सांगितले. भिवाबाई अंगणात हळकुंडे वाळवीत होती, तिने हात थांबविला नाही. म्हणाली, "मी तुला शेत वाचवायला नेले होते, दादा. तू बाकी सर्वांचे वाचविलेस." मग गाव उठला, आणि देव व दळायची जाती गाड्यांत घालून, गुरे हाकीत वर गेला, आणि भिवाबाईही गेली, आणि नव्या जमिनीत तिने पुन्हा हळद लावली, ती चांगली आली. परंतु भावाचे घरी ती गेली नाही, आणि भाऊ आला तर पाणी देई, बोलत नसे. बांध दरसाल घालू लागले, आणि बांधाआतली शेते हळूहळू गोडावली. लोक उमाजींचे नाव घेत, आणि उमाजी निंबसऱ्याचे नाव निघाले की उठोन जात.

ऐसी काही वर्षे गेली. मग एके चैत्री अमावास्येस दुपारी समुद्रास मोठे उधाण आले, आणि बांध मधोमध पाझरू लागला. दवंडी पिटली, तो गावोगावचे लोक पाट्या घेऊन धावले, आणि धक्क्यावरचे खलाशीही आले, आणि ज्यांचे जुने शेत बांधाने राखले नव्हते ते निंबसऱ्याचे लोकही आले. भिवाबाई त्यांत होती. ती मातीची पाटी भरोन आणी, उमाजींपाशी रिती करी आणि मागे फिरे, उमाजींकडे पाहत नसे. उमाजी म्हातारे जाहले होते, तरी पाझराचे तोंडाशी उभे राहून माती तुडवीत होते. तो एके खेपेस भिवाबाईने पाटी खाली टाकिली आणि त्यांचा दंड धरिला.

"दादा, पायाखाली खचते आहे. इकडे हो."

उमाजी बाजूस जाहले, आणि ते उभे होते ती माती बसली, आणि लोकांनी तेथे गवताचे भारे व दगड घातले. उधाण ओसरेपावेतो दोघे शेजारी उभे राहून माती टाकीत होते. भिवाबाईने दुसरा शब्द काढिला नाही, परंतु मागेही सरली नाही.

बांध राहिला. शहर अद्याप तेथेच आहे, पाणी असता बंदर आणि उन्हाळ्यात बाजारगाव, आणि बांधाबाहेर जुन्या निंबसऱ्यात आता खारवट गवत वाढते. घडले ते ऐसे घडले, ऐकिले तितके लिहिले.